भिवंडीचे हात

कल्याणहून भिवंडीला जायचे म्हणजे आधी दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी उल्हासची खाडी ओलांडायची, मग कोनगाव मागे टाकायचे आणि राजनोलीच्या नाक्यावर मुंबई-नाशिक महामार्गावरील अवजड वाहनांच्या गर्दीतून वाट काढायची. अंतर जेमतेम दहा-बारा किलोमीटरांचे. पण वेळ किती लागेल हे सांगण्याचे धाडस इथला रिक्षावालाही करीत नाही. भिवंडी दिसण्याआधी ऐकू येते, असे तिच्याविषयी म्हणतात. कल्याण नाका ओलांडून एखाद्या आतल्या गल्लीत शिरले, की बसक्या छपरांच्या कारखान्यांतून यंत्रमागांची खटखट कानांवर आदळू लागते. पहिली पाच मिनिटे ती असह्य होते. अर्ध्या तासाने जाणवेनाशी होते. आणि तिथून बाहेर पडल्यावर, खाडीच्या पुलावर पोहोचेपर्यंत, आपल्याच डोक्यात ती वाजत राहते.

गेली सत्तावीस वर्षे मी कल्याणमध्ये सामान्य वैद्यकीय व्यवसाय करतो आहे. भिवंडीचे रुग्ण माझ्याकडे नियमित येतात, परंतु त्यांच्या गावी मी लग्नकार्यापलीकडे क्वचितच गेलो होतो. यंदा गेलो तो एका रुग्णामुळे. अधिक स्पष्ट सांगायचे, तर माझ्याकडून झालेल्या एका चुकीमुळे.

हे गृहस्थ पद्मानगरात राहतात. तेलंगणातून विणकामासाठी आलेल्या पद्मशाली कुटुंबांची ही जुनी वस्ती. घरात तेलुगू, रस्त्यावर हिंदी आणि माझ्याशी अस्खलित मराठी बोलणाऱ्या या पंचेचाळिशीच्या कारागिराला सारे अण्णा म्हणतात. मीही तेच म्हणतो. दोन वर्षांपूर्वी ते उजवा कोपर धरून माझ्याकडे आले. मूठ आवळली की कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ येते, चहाचा कप उचलतानाही हात थरथरतो, अशी तक्रार होती. बाहेर वीस रुग्ण बसले होते. मी वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या आणि सवयीने म्हणालो, "पंधरा दिवस हाताला विश्रांती द्या."

अण्णा हसले. "साहेब, आमचा पगार मीटरवर असतो. माग थांबला की मीटर थांबतो."

मी ते ऐकले, पण मनावर घेतले नाही. पुढे ते दर महिन्या-दोन महिन्यांनी येत राहिले आणि मी गोळी बदलत राहिलो. मधल्या काळात माझी चिठ्ठी दाखवून तीच गोळी ते औषधांच्या दुकानातून परस्पर घेऊ लागले होते, कधी दिवसातून तीनदा. गेल्या वर्षी पायांवर सूज आली म्हणून तपासणी केली, तेव्हा रक्तदाब १५०/९६ निघाला आणि रक्तातील क्रिॲटिनीन १.८. वेदनाशामक गोळ्यांचा मूत्रपिंडावर होणारा परिणाम आम्ही वैद्यकाच्या दुसऱ्या वर्षातच शिकतो. कोपराच्या दुखण्यापायी मूत्रपिंड धोक्यात आले होते, आणि चिठ्ठीवर सही माझी होती.

त्या दिवशी अण्णांच्या पत्नी सोबत आल्या होत्या. त्यांनी रागावून नव्हे, पण सरळ विचारले, "डॉक्टरसाहेब, दोन वर्षांत तुम्ही यांचा हात एकदा तरी दाबून पाहिलात का?"

पाहिला नव्हता.

कारखान्यात

म्हणून एका सकाळी मी अण्णांच्या मागोमाग त्यांच्या कारखान्यात शिरलो. उत्तर हिंदुस्थानातून एकोणिसाव्या शतकात आलेल्या मोमीन विणकरांनी इथे हातमाग रुजवले, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वीज आली आणि हातमागांची जागा यंत्रमागांनी घेतली, हा भिवंडीचा इतिहास मी वाचला होता. त्या इतिहासाचे ओझे माणसाच्या नेमक्या कोणत्या स्नायूवर पडते, हे मात्र पाहिले नव्हते.

अण्णा एका वेळी सहा माग सांभाळतात. कापूसतंतूंनी धूसर झालेल्या अरुंद वाटेतून ते सतत फिरत असतात. साध्या मागाच्या धोट्यात आडव्या धाग्याची कांडी असते; ती काही मिनिटांत संपते. मग माग थांबवायचा, धोटा काढायचा, रिकामी कांडी उपसून भरलेली बसवायची, धागा ओवायचा, धोटा जागेवर ठेवायचा आणि दांडा ओढून माग पुन्हा सुरू करायचा. तोवर शेजारच्या मागाची कांडी संपलेली असते. मध्येच उभा धागा तुटला, तर मागाच्या पुढच्या पट्टीवर पोट टेकवून, कंबरेतून वाकून, फणीपर्यंत हात लांबवायचा आणि बोटांच्या चिमटीत गाठ मारायची.

मी भिंतीशी उभा राहून घड्याळ लावून मोजले. एका तासात अण्णांच्या उजव्या मुठीने ऐंशीहून अधिक वेळा काहीतरी घट्ट पकडून मनगट वर उचलले होते. पाळी बारा तासांची. म्हणजे दिवसाकाठी सुमारे हजार वेळा.

इटलीतील बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या पुढील आवृत्तीत विणकरांच्या शरीरकष्टांचीही दखल आहे. रुग्णाला नेहमीचे प्रश्न विचारून झाल्यावर वैद्याने आणखी एक प्रश्न विचारावा, असे त्याने सांगून ठेवले: तुम्ही काम काय करता? मी हा प्रश्न विचारत असे, पण केसपेपरावरचा रकाना भरण्यापुरता. त्या वाटेत, त्या खटखटीत उभे राहिल्यावर त्या रकान्याचा अर्थ मला पन्नाशी उलटल्यानंतर कळला.

दुपारी भोजनाच्या सुटीत अण्णांना मी बाकावर बसवले आणि पहिल्यांदा त्यांचा हात हाती घेतला. कोपराच्या बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यापासून बोटभर खाली दाबताच त्यांनी श्वास रोखला. मनगट वर उचलणारे स्नायू इथून निघतात. पुढे हाताच्या मध्यापर्यंत दोरीसारखा ताठ पट्टा लागत होता आणि त्यात एका जागी दाबले की कळ थेट मनगटापर्यंत धावत होती. क्रीडावैद्यक ज्याला 'टेनिस एल्बो' म्हणते, ते हे दुखणे. अण्णांनी आयुष्यात टेनिसची रॅकेट पाहिलेली नाही. भांडी घासणाऱ्या, पोळ्या लाटणाऱ्या, शिवणयंत्रावर बसणाऱ्या आणि तासन्‌तास संगणकाचा माऊस धरणाऱ्या कितीतरी वाचकांनीही ती पाहिलेली नसेल, तरी हे दुखणे त्यांना ठाऊक असेल.

मालिशवाले चाचा

अण्णा दोन वर्षे केवळ माझ्या गोळ्यांवर नव्हते. शुक्रवारी, कारखान्याच्या सुटीच्या दिवशी, ते एका मालिशवाल्याकडे जात. "तुमच्या गोळीने दुखणे झोपते, चाचांच्या हाताने हात हलका होतो," असे ते म्हणाले. मी शुक्रवारी त्यांच्याबरोबर गेलो.

कामगारांच्या भिशीच्या मागच्या अंगाला एक खोली होती. एकटे राहणारे कामगार जिथे महिन्याच्या बोलीवर जेवतात, त्या खानावळीला इथे भिशी म्हणतात. चाचा सत्तरीचे, कधी काळी आखाड्यात उतरलेले. समोर सतरंजी, वाटीत कोमट मोहरीचे तेल. त्यांच्यापुढे रांग होती: मागावरचे कारागीर, बीम वाहणारे हमाल, महामार्गालगतच्या गोदामांत खोकी चढवणारे-उतरवणारे तरुण. दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ ही एके काळची शेतीची गावे आता गोदामांची गावे झाली आहेत. मुंबईकरांच्या दारात येणारे खोके त्याआधी इथल्या कोणाच्या तरी खांद्यावरून गेलेले असते.

चाचांचे हात पाहण्यासारखे होते. आधी तळहाताने लांब, सौम्य घासणी. स्नायू उबदार झाला की अंगठ्याने ताठ पट्ट्याचा माग काढणे. दुखरी जागा सापडली की तिथे दाब धरून थांबणे. आणि रुग्णाचा श्वास मोकळा झाला की दाब सोडणे. अमेरिकेतील डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल या राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या वैद्य होत्या. स्नायूंतील अशा दुखऱ्या बिंदूंचा अभ्यास त्यांनी आयुष्यभर केला आणि १९८३ साली डॉ. डेव्हिड सायमन्स यांच्यासह त्यावर ग्रंथ लिहिला. चाचांनी त्यांचे नाव ऐकलेले नाही. पण हाताला जे कळते, ते त्यांना कळलेले होते.

"शिरेवर शीर चढली आहे," असे चाचा प्रत्येकाला सांगत. हे मात्र खरे नाही. शिरेवर शीर कधी चढत नाही. तो आखडलेला स्नायू असतो, आणि दाबल्यावर तो सैल पडतो, तेव्हा 'शीर उतरली' असे वाटते.

एवढ्यात एका गोदाम कामगाराने पोटरी पुढे केली. एकच पोटरी, चार दिवसांपासून सुजलेली, गरम, चकाकणारी. चाचांनी तेलात बोटे बुडवली आणि मी जवळजवळ ओरडूनच त्यांना थांबवले. एका पायाची अशी सूज रक्तवाहिनीतील गुठळीची असू शकते. ती चोळली, तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते आणि माणूस दगावू शकतो. त्या तरुणाला तत्काळ तपासणीसाठी रुग्णालयात पाठवले. सोनोग्राफीत गुठळीच निघाली. रक्त पातळ करणारे औषध सुरू झाले आणि तो बचावला. चाचा बराच वेळ आपल्या हातांकडे पाहत बसले. मग म्हणाले, "डॉक्टरसाब, हमें कोई बताता ही नहीं."

मला त्यांना दोष देता येईना. मी दोन वर्षे हात न लावता चूक केली होती आणि ते हात लावून चूक करणार होते.

म्हणून मी त्यांच्यापाशी बसलो आणि कुठे हात लावायचा नाही, ते एकेक करून सांगितले. त्यांच्या नातवाने ते कागदावर उतरवून भिंतीवर चिकटवले. वाचकांच्याही घरी ते उपयोगी पडेल. एकाच पायाला सूज असेल, तर मर्दन नाही. ताज्या मारावर, अस्थिभंगाच्या शंकेवर मर्दन नाही. विशेषतः लहान मुलाचा कोपर मार लागल्यावर कधीही चोळू नये, कारण त्याने स्नायूतच हाड तयार होऊन सांधा कायमचा अडकू शकतो. लालसर, तापलेल्या, पू झालेल्या जागी मर्दन नाही. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांना, हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांना जोराचा दाब नाही. मधुमेहामुळे ज्यांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना दाबाचा आणि उष्णतेचा अंदाज येत नाही, हे लक्षात ठेवावे. आणि मुंग्या, बधिरपणा, हातापायातील शक्ती जाणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, ताप किंवा वजन घटणे यांपैकी काही सोबत असेल, तर आधी डॉक्टर, मालिश नंतर.

हात काय करतो

अण्णांना मी एका फिजिओथेरपिस्टकडे घेऊन गेलो. माझ्या मुलीच्या वयाची ती तरुणी आठवड्यातून दोन दिवस भिवंडीत रुग्ण पाहते. चाचांचेच काम ती तेलाविना, शरीररचनेच्या अभ्यासासह करीत होती. कोणता स्नायू, त्याचे तंतू कोणत्या दिशेने, दाब किती आणि किती वेळ, हे तिच्या मनात स्पष्ट होते. कोपराच्या कंडरेवर तिने तंतूंच्या आडव्या दिशेने बोट फिरवले. ही पद्धत लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील डॉ. जेम्स सिरियाक्स यांनी विसाव्या शतकात रूढ केली. नंतर तिने आखडलेल्या पट्ट्यावर अंगठा स्थिर ठेवून अण्णांना मनगट सावकाश वरखाली करायला लावले.

मी तिला विचारले, "यात नेमके घडते काय? आतल्या गाठी फुटतात का?"

"नाही सर," ती म्हणाली. "बोटाच्या जोराने काही फुटत नाही आणि फुटूही नये. हाताच्या दाबाने मज्जासंस्थेला संदेश जातो. स्नायूचा ताण उतरतो, वेदना काही काळ दबते. तो काही काळ आपल्याला व्यायामासाठी मिळतो. खरे काम तिथून सुरू होते."

तिचे म्हणणे शास्त्राला धरून होते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध केला. ११ तरुणांना थकेपर्यंत सायकल चालवायला लावून त्यांच्या एकाच मांडीला १० मिनिटे मर्दन दिले आणि दोन्ही मांड्यांच्या स्नायूंचे सूक्ष्म तुकडे तपासले. मर्दन केलेल्या स्नायूत दाह वाढवणारे संकेत कमी आढळले. मर्दनाने लॅक्टिक आम्ल निघून जाते, हा सर्वत्र पसरलेला समज मात्र त्यात टिकला नाही. ११ जणांवरून फार मोठा निष्कर्ष काढू नये, हेही खरे. आणि कोपराच्या कंडरेच्या दुखण्यात केवळ घासणीने कायमचा गुण येतो, असे ठामपणे सांगता येईल इतका पुरावा आजही उपलब्ध नाही. मर्दन हे दार उघडते. पण आत आपल्यालाच चालत जावे लागते.

अण्णांचा व्यायाम अगदी साधा होता. हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेबाहेर. हाती अर्ध्या लिटरची पाण्याने भरलेली बाटली. डाव्या हाताच्या आधाराने मनगट वर न्यायचे आणि उजव्या हाताने चार-पाच अंक मोजत सावकाश खाली आणायचे. पंधरा वेळा, दिवसातून दोनदा. थोडे दुखले तरी चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले असेल, तर वजन कमी करायचे. कंडरा हळू बरी होते. तिला आठवडे नव्हे, महिने द्यावे लागतात.

राहिला विश्रांतीचा प्रश्न. ती औषधाच्या चिठ्ठीवर लिहून मिळत नाही, हे मी आता शिकलो होतो. आम्ही तिघांनी कारखान्यात जाऊन पाहिले की कामच थोडे कसे बदलता येईल. दांडा ओढण्याचे काम अण्णांनी डाव्या हाताकडे दिले. उजव्या हाताने उचलताना तळवा खाली न ठेवता वर ठेवायची सवय लावली. तुटलेला धागा जोडताना लांबून हात ताणण्याऐवजी एक पाऊल पुढे टाकून जवळ जायचे ठरले. मालकांनी तीन महिन्यांसाठी सहाऐवजी चार माग देण्याचे मान्य केले. पण दोन मागांची मजुरी बुडाली, ती भरून निघाली नाही. अण्णांच्या पत्नीने त्या महिन्यांत शिवणकाम वाढवले. एका कोपराचा उपचार असा साऱ्या घराने मिळून सोसला.

वज्रेश्वरीचे ऊन पाणी

पावसाळा संपल्यावर अण्णांनी मला वज्रेश्वरीला चलण्याचा आग्रह केला. भिवंडी तालुक्याच्या उत्तरेला, तानसा नदीच्या परिसरात वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही गरम पाण्याच्या झऱ्यांची गावे आहेत. १७३९च्या वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला होता आणि विजयानंतर हे मंदिर उभे राहिले, अशी कथा सांगतात. किल्ल्यासारखी तटबंदी आणि दगडी पायऱ्या पाहताना ती सहज पटते. कारखान्यांची धूळ मागे टाकून इथे आले, की हिरव्या टेकड्या आणि मोकळे आकाश दिसते. एकाच तालुक्यात ही दोन जगे नांदतात, याचे नवल वाटते.

अकलोलीच्या कुंडाशी गंधकाचा उग्र वास येत होता. अण्णांनी कोपरापर्यंत हात पाण्यात सोडला आणि डोळे मिटले. शेजारी एक आजोबा गुडघे बुडवून बसले होते. कुणी आजी नातीकडून पाठ चोळून घेत होत्या. उष्णतेने स्नायू सैलावतो, रक्ताभिसरण वाढते आणि दुखणे हलके होते, हे खरे. या पाण्याने सर्व रोग जातात, ही श्रद्धा. तिच्यावर औषध सोडून विसंबू नये. मधुमेहींनी पाणी आधी दुसऱ्याला तपासायला लावावे, उघडी जखम असलेल्यांनी कुंडात उतरू नये आणि हृदयविकार असलेल्यांनी फार वेळ बसू नये, एवढे मात्र मी तिथल्या मंडळींना न विचारताच सांगून टाकले. डॉक्टरची सवय जात नाही.

परतीच्या वाटेवर अण्णांना विचारले, "आता किती दुखते?"

"पूर्वी सोळा आणे होते, आता चार आणे," ते म्हणाले. "चार आणे राहू द्या साहेब. मागावर बसल्याचा तेवढा कर द्यावाच लागेल."

वेदनाशामक गोळी बंद होऊन आता आठ महिने झाले. क्रिॲटिनीन १.३ पर्यंत उतरले आहे. ते पूर्ण पूर्वपदावर येईल, अशी ग्वाही मी देऊ शकत नाही. दर तीन महिन्यांनी तपासणी होते आणि तिचे पैसे मी घेत नाही. अण्णा पुन्हा सहा मागांवर गेले आहेत. शुक्रवारी ते चाचांकडे जातात, पण आता चाचा त्यांना आधी विचारतात, "बाटलीचा व्यायाम केलास का?"

माझ्या दवाखान्यात बाहेर आजही वीस रुग्ण बसलेले असतात. तरी कोणी हात, मान, खांदा दुखतो म्हणाले, की मी लेखणी खाली ठेवतो, काम काय करता ते विचारतो, ते काम करून दाखवायला सांगतो आणि दुखरी जागा स्वतःच्या बोटांनी शोधतो. याला चार मिनिटे जास्त लागतात. घरात कुणाचे असे दुखणे रेंगाळले असेल, तर वाचकांनीही आपल्या डॉक्टरांकडे ती चार मिनिटे संकोच न करता मागून घ्यावीत. अण्णांच्या पत्नीने मागितली, तेव्हा दोन वर्षे उशीर झाला होता.